तिसऱ्या घंटेच्या आत

३ फेब्रुवारी, सोमवार

ताईने आज मला न विचारता मलाच परस्पर देऊन टाकलं. नाट्यगृहाच्या समितीला, तेही फुकट.

आमच्या भागातलं जुनं नाट्यगृह एप्रिलपासून सात-आठ महिने बंद राहणार आहे. खुर्च्या, छत, रंगमंच, स्वच्छतागृहं, सगळं नवं होणार. ताई नाटकं बसवते म्हणून कलाकारांच्या वतीने समितीवर आहे. आजच्या सभेत बराच वेळ पडद्याच्या रंगावर चर्चा झाली आणि मग स्वच्छतागृहांवरून जुंपली. आर्किटेक्टबाई म्हणाल्या, बायकांकडची जागा वाढवायलाच हवी. व्यवस्थापक म्हणाले, "दोन्हीकडे समसमान जागा आहे. समसमानच राहील. यापेक्षा आणखी न्याय तो काय असतो? आणि पुरावा काय तुमच्याकडे?" त्यावर ही आमची बहीण उभी राहिली आणि म्हणाली, "माझा भाऊ रांगांचाच हिशेब करतो. तो मोजून देईल."

हे मात्र खरं आहे. लोक मदतीसाठी कंपनीला फोन करतात, 'आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं एक बाई गोड आवाजात सांगते आणि संगीत सुरू होतं. ते संगीत किती वेळ वाजावं आणि त्यासाठी फोन घ्यायला किती माणसं बसवावीत, हे गणित मी मांडतो. लग्नासाठी आलेल्या दोन स्थळांना मी हे समजावून सांगितलं होतं. दोघींनी पुन्हा फोन केला नाही.

"अगं, मला विचारायचं तरी!" मी म्हटलं.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

सहा वर्षांनी मोठी आहे, पूर्वीपासून अशीच आहे. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर आतून बरंच वाटलं. आजवर माझ्या गणिताचा फायदा कंपनीला झालाय. कोणाच्या तरी खऱ्या पायांना व्हावा, असं बऱ्याच दिवसांपासून वाटत होतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

रात्री जेवताना सांगून टाकलं. बाबा खूश झाले. ते दर आठवड्याला मित्राबरोबर नाटकाला जातात. "आधी खुर्च्या बदला म्हणावं, पाठ मोडते." आईने भाजी वाढता वाढता विचारलं, "बायकांच्या बाथरूमची रांग मोजणार? तू?" आणि एकटीच हसत स्वयंपाकघरात गेली.

आईला हल्ली नाटकाचं काही नाही. आश्चर्य आहे. एके काळी ही इतकी नाटकवेडी, की दुपारी प्रयोग असला तर सकाळपासून चहा नाही, पाणी नाही. तहानच लागत नसे तिला. परत आली की शेजारणींना, मावशीला, सगळ्यांना गोष्ट सांगायची, नकलांसकट. फक्त मध्यंतरापर्यंतच. "पुढचं तुम्हीच बघा, मी सांगितलं तर मजा जाईल." आम्ही कितीही मागे लागलो तरी शेवट सांगायची नाही. या बाबतीत तिचा नियम फार कडक.

दोन वर्षांपूर्वी ताईने स्वतः लिहून बसवलेल्या पहिल्या नाटकाला ती गेली, पहिल्या रांगेत बसली आणि मध्यंतरात घरी आली. डोकं दुखत होतं म्हणे. त्यानंतर तिने नाट्यगृहाचं तोंड पाहिलेलं नाही. विचारलं तर गुडघे सांगते. रोज मंडईत दोन पिशव्या घेऊन चालत जाते, तेव्हा गुडघे काही म्हणत नाहीत. मला वाटतं, वयानुसार आवड बदलते.

ताईजवळ हा विषय काढायचा नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

आज पहिली मोजणी. संध्याकाळचा प्रयोग, विनोदी नाटक, हाउसफुल्ल.

मध्यंतर सुरू होताच मी बायकांच्या स्वच्छतागृहासमोरच्या बाकावर जाऊन बसलो. हातात घड्याळ, मांडीवर कागद. एका मिनिटात तीन जणींनी माझ्याकडे पाहिलं. मी घाबरून वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, त्याने प्रकरण आणखीच चिघळलं.

"काय हो, इथे काय काम आहे तुमचं?" एका उंच बाईंनी विचारलं.

"रांग मोजतोय."

"कशाला?"

"म्हणजे... कमी करायला."

"मग उठा की! तेवढीच जागा होईल बसायला!"

उजव्या दारावरचे डोअरकीपर काका धावत आले आणि 'समितीचा माणूस आहे' असं सांगून त्यांनी मला सोडवलं. उंच बाईंनी मला नीट न्याहाळलं आणि बजावलं, "मोजा. पण खरं मोजा."

पुरुषांकडचा प्रकार असा, की मी आत जाऊन आलो, हात धुतले, चहा प्यायलो, भिंतीवरची सगळी जुनी पोस्टर्स वाचली, तरी दुसरी घंटा व्हायची होती. बायकांकडे तिसरी घंटा झाली तेव्हा रांग कोपऱ्याला वळून पोस्टर्सच्या भिंतीपर्यंत आलेली होती. इतकी वर्षं इथे येतोय. रांग रोजच असणार. मी तिच्या शेजारी उभं राहून चहा पीत असणार.

१० फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसात नव्या मुलांचा वर्ग घेतला. पहिला धडा नेहमीचाच: रांग छोटी दिसली म्हणून खूश व्हायचं नाही. आधी बघायचं, कंटाळून किती जणांनी फोन ठेवून दिला. ठेवलेला फोन रांगेत दिसत नाही, पण तो माणूस होता. मुलांनी वहीत उतरवून घेतलं. मी हे चांगलं शिकवतो, असं सगळेच म्हणतात.

१६ फेब्रुवारी, रविवार

दुपारचा प्रयोग. दुपारी बाल्कनी बंद असते, फक्त खालचा मजला. तिकीट स्वस्त, त्यामुळे प्रेक्षक बहुतेक आईबाबांच्या वयाचे. मला वाटलं होतं, आज तर रांग रस्त्यावर जाणार.

आणि बघतो तर काय, रांग छोटीशी! तिसऱ्या घंटेला जेमतेम चार-पाच जणी उरलेल्या. मी दोनदा मोजलं. मोठ्या वयाच्या बायका शिस्तीच्या असतात, वेळेचं नियोजन करून येतात, असं दिसतं. तरुण मंडळींनी शिकण्यासारखं आहे.

काकांशी आता छान गट्टी जमली आहे. मध्यंतरात बाहेर जाणाऱ्याला ते एक बिल्ला देतात आणि आत येताना परत घेतात, म्हणजे रस्त्यावरचा कोणी फुकटात दुसरा अंक बघायला घुसत नाही. डाव्या दाराचे बिल्ले चौकोनी, उजव्या दाराचे गोल. डावीकडे पुरुषांचं स्वच्छतागृह, उजवीकडे बायकांचं. आज काका वैतागले होते.

"चौकोनी सगळे परत येतात बघा. गोल मात्र दर दुपारी कमी! बायका बिल्ले चोरतात हो!"

"बिल्ल्याचं काय करणार चोरून?"

"मला काय ठाऊक? दोन वर्षांपूर्वी जुने लाल काढून नवे निळे करून घेतले. तुमच्या ताईंच्या नाटकाला पहिल्यांदा बाहेर काढले. पहिल्याच दिवशी एक गेला!"

घरी सांगितलं तेव्हा बाबा पोट धरून हसले. आईला काही तो विनोद वाटला नाही. ती उठून कपडे वाळत घालायला गेली. वाळलेलेच कपडे होते ते.

२३ फेब्रुवारी, रविवार

आणखी दोन दुपारी, तीन संध्याकाळी झाल्या. सगळीकडे तेच चित्र. आज बसून अहवाल लिहिला. संध्याकाळी बायकांकडे भयंकर रांग, जागा वाढवणं अत्यावश्यक. दुपारी आहे तेवढी जागा पुरते. तक्ते सुंदर झाले आहेत. निळ्या आणि केशरी रेघा काढल्या आहेत. ताईला दाखवले तर म्हणाली, "मला यातलं काही कळत नाही, पण छान दिसतंय." तिच्याकडून ही मोठी पावती आहे.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आज समितीपुढे अहवाल वाचला. व्यवस्थापकांचा चेहरा उजळत गेला. (मनात मी त्यांना समसमानराव म्हणायला लागलोय. एक दिवस तोंडातून निघणार.)

"म्हणजे अडचण फक्त संध्याकाळची," ते म्हणाले. "मग सोपं आहे. वर बाल्कनीत बायकांसाठी वाढवू. खाली आहे तसंच समसमान ठेवू. दुपारी तर पुरतंच आहे, तुम्हीच म्हणता."

आर्किटेक्टबाई इतका वेळ नकाशावर पेन्सिलीने काही काढत होत्या. त्यांनी खोडरबर घेतलं आणि ते पुसलं.

"तुमचा विश्वास बसत नाहीये का माझ्या आकड्यांवर?" मी विचारलं.

"बसतो ना. तुम्ही जे मोजलं ते बरोबरच असणार," त्या म्हणाल्या. "माझी आईही दुपारच्या प्रयोगांना यायची पूर्वी. आता येत नाही. पण त्याचा तक्ता नाहीये माझ्याकडे."

पुढच्या बुधवारी, पाच तारखेला, नकाशावर सह्या होऊन तो ठेकेदाराकडे जाणार. एकदा भिंती उभ्या राहिल्या की पुढची तीस-चाळीस वर्षं कोणी हात लावणार नाही, असं व्यवस्थापक समाधानाने म्हणाले. सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. मला कशाने तरी बरं वाटलं नाही. सभेतला चहा असेल.

१ मार्च, शनिवार

ताई आली होती. नाट्यगृह पुन्हा उघडेल तेव्हाचा पहिला दुपारचा प्रयोग तिच्या त्या पहिल्याच नाटकाचा ठरलाय. आनंदात असायला हवी होती, पण नव्हती. तिला सोडायला खाली गेलो तेव्हा म्हणाली, "आईला बोलवायचं की नाही, कळत नाहीये."

आणि मग दोन वर्षांत जे बोलली नव्हती ते बोलली. तिच्या नाटकाच्या दुसऱ्या अंकात एक आई आहे. ती घरातल्या प्रत्येक वस्तूशी भांडते. कढईशी, पंख्याशी, न बसणाऱ्या झाकणाशी. ती आमचीच आई आहे, हुबेहूब. ताईने तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून लपवून ठेवलं होतं. "मध्यंतरात कोणीतरी तिला सांगितलं असणार. ते ऐकून उठून गेली ती. मी तिला चारचौघांत हसण्यावारी नेलं, असं वाटलं असेल तिला. विचारायची हिंमतच होत नाही रे."

मी म्हटलं, आईचं डोकं दुखत होतं. ताई म्हणाली, "आईचं डोकं कधी दुखलंय?"

ते बरोबर होतं. मला आठवेना.

५ मार्च, बुधवार

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहायला हवं, पण अधूनमधून हसूच येतंय.

संध्याकाळी सभा म्हणून चांगला शर्ट काढला. कॉलरखालचं बटण गायब. आई मंडईत गेलेली. तिचा बटणांचा डबा कपाटाच्या वरच्या फळीवर असतो, जुना बिस्किटांचा, पत्र्याचा. पांढरं बटण शोधायला सगळी बटणं पलंगावर ओतली. त्यात बिल्ले होते. गोल. नाट्यगृहाचे. मूठभर लाल आणि एकच निळा.

आधी वाटलं, अरे देवा, काकांचा चोर आमच्याच घरात! आणि मग हसता हसता थांबलो. परत न आलेला बिल्ला म्हणजे परत न आलेला माणूस. म्हणजे ठेवून दिलेला फोन. मी कपाळावर हात मारून घेतला, जोरात, एकट्यानेच. दर सहा महिन्यांनी जे पोरांना शिकवतो, ते रांग डोळ्यांसमोर असताना मला सुचू नये? दुपारची रांग छोटी होती कारण बायका ती बघून घरी जात होत्या. आणि त्याहून जास्त जणी मुळात आल्याच नव्हत्या.

आई आली. पलंगावरचा पसारा पाहून पिशव्या हातात तशाच धरून उभी राहिली.

"आई, हे काय?"

"राहिले असतील हातात," ती म्हणाली. मग पिशव्या खाली ठेवल्या. "परत करायला कुठल्या तोंडाने जाणार? काका विचारणार, बाई, दुसऱ्या अंकाला कुठे होतात?"

"कुठे होतीस?"

"घरी! अरे, रांगेत उभी राहिले की पहिली घंटा, दुसरी घंटा, आणि तिसरी झाली तरी पुढे सात-आठ बायका. नंबर लागेपर्यंत आत अंधार. मग काय, लोकांचे पाय तुडवत आत शिरायचं? ज्यांनी पैसे देऊन तिकीट काढलंय त्यांच्या डोळ्यांपुढून? त्यापेक्षा सरळ रिक्षा करायची. पाणी न पिऊन बघितलं, चहा सोडून बघितलं. या वयात तेही जमेना. मग म्हटलं, नाटकच सोडू."

"म्हणून शेवट सांगायची नाहीस?"

"माहीत असता तर सांगितला नसता होय?"

मी निळा बिल्ला उचलला. तिला कळलं. ती पलंगावर बसली, बटणांच्या मधोमध.

"तिचं पहिलंच नाटक. पहिली रांग. पडदा वर गेल्यावर मी वाकून वाकून मधून गेले असते, तर नटांचं लक्ष गेलं असतं ना? तिचा अंक माझ्यामुळे बिघडला असता. दाराच्या फटीतून बघावं म्हटलं, तर काका आत या, आत या म्हणायला लागले. म्हणून निघून आले."

मी ताईला फोन लावला आणि काहीही न सांगता आईच्या हातात दिला. बाहेरच्या खोलीत जाऊन थांबलो. आईचा आवाज आला, "अगं, तसं नाही गं... अगं वेडी का काय तू... बाथरूम, बाथरूमची रांग!" मग आईचं हसणं ऐकू आलं आणि तिने नाक पुसलं. मी शर्टाला निळं बटण लावलं, कारण डोळे भरल्यामुळे पांढरं सापडलं तरी दिसत नव्हतं मला.

मग सभा. सह्यांसाठी पेन बाहेर निघालं होतं. मी उभा राहिलो आणि सांगितलं की माझा अहवाल अर्धा चुकला आहे, आणि खिशातले लाल बिल्ले टेबलावर ओतले. निळा आईने स्वतःकडे ठेवून घेतला होता. दारात उभे असलेले काका ओरडले, "सापडला! चोर सापडला!"

"चोर माझी आई आहे," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं.

व्यवस्थापक मान हलवत राहिले. "एका आईवरून नकाशा बदलत नाही. हा अपवाद झाला. आमच्या घरचीच गोष्ट घ्या ना, ही दुपारचा एक प्रयोग सोडत नाही. कधी तक्रार नाही." आर्किटेक्टबाई शांतपणे म्हणाल्या, "विचारून बघा ना."

त्यांनी सगळ्यांसमोर घरी फोन लावला. मोठ्या आत्मविश्वासाने, स्पीकरवर.

"अगं, ऐक, तुझ्याकडे आपल्या नाट्यगृहाचे गोल बिल्ले आहेत का?"

पलीकडून आवाज आला, "किती हवेत?"

टेबलाभोवती जो हशा उसळला, त्याने छताचा पोपडा पडायचाच बाकी होता. व्यवस्थापक हसले नाहीत. त्यांनी स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला, खिडकीपाशी गेले आणि हळू आवाजात विचारलेलं मला ऐकू आलं, "मग मला कधी बोलली का नाहीस?" परत आले ते खुर्चीत बसले आणि पेनचं टोपण लावलं. बाकीचे सगळे तोवर आपापल्या घरी फोन लावत होते.

मला एक आठवडा मिळाला आहे.

९ मार्च, रविवार

आज नाट्यगृहाबाहेर टेबल मांडलं. ताईने मोठ्या अक्षरांत पाटी लिहिली: 'गोल बिल्ले परत करा. कोणी रागावणार नाही. फक्त कुठल्या नाटकाचा दुसरा अंक राहिला ते सांगा.' कॉलनीत, वाचनालयात, मंडईत सगळीकडे आईने निरोप पोचवला होता. तिला या वयात एवढ्या जोरात पळताना पाहून गुडघ्यांचाही विषय मिटला.

मला वाटलं, दहा-वीस जणी येतील. अकरा वाजेपर्यंत रांग लागली! आयुष्यात पहिल्यांदा एखादी रांग बघून मला नाचावंसं वाटलं. पर्समधून, रुमालाच्या गाठीतून, औषधाच्या बाटलीतून बिल्ले निघत होते. एका आजींनी बिल्ल्यांना भोकं पाडून नातीसाठी खेळणं केलं होतं. "हे परत हवंय का?" त्यांनी काळजीने विचारलं. ताई म्हणाली, "नको, फक्त मोजू द्या." त्या दिवशीच्या उंच बाई आल्या, टेबलावर पाच बिल्ले मांडले आणि मला म्हणाल्या, "आता खरं मोजताय."

काका एकेक बिल्ला हातात घेऊन पुसत होते, हरवलेली लेकरं घरी यावीत तसे. प्रत्येकीला म्हणत होते, "बाई, मला सांगायचं होतंत, मी टॉर्च घेऊन बसवून दिलं असतं."

रांगेतच एक नवीन उद्योग सुरू झाला. जिने ज्या नाटकाचा दुसरा अंक पाहिला होता ती, जिचा राहिला होता तिला सांगत होती. "म्हणजे ती शेवटी लग्न करतच नाही?" "छे! विहिणीला घेऊन सहलीला जाते!" आई या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून सगळे शेवट गोळा करत होती. बाबा तिच्या मागे पाण्याची बाटली घेऊन. ते एकदा माझ्याजवळ येऊन पुटपुटले, "मी दर वेळी विचारायचो, येतेस का? ती म्हणायची, नको. मी पुढे काही विचारलंच नाही रे." मी त्यांना खुर्ची दिली आणि आकडे लिहायला बसवलं. त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

१२ मार्च, बुधवार

झालं! सही झाली!

या वेळी तक्ता एकच नेला. माझं म्हणणं सरळ होतं. तेवढ्याच चौरस फुटांत पुरुषांकडे जास्त जागा बसतात, कारण त्यांच्या निम्म्या जागा उभ्याच्या आहेत. बायकांकडे प्रत्येक जागेला दार, कडी, भिंत. शिवाय साडी सावरायची, पर्स अडकवायची, नातवंडाला धरायचं. एकेकीला दुप्पट वेळ लागतो. जागा समान दिली तर वेळ असमान मिळतो. शेवटची बाई तिसऱ्या घंटेच्या आत खुर्चीत बसायला हवी असेल, तर खालच्या मजल्यावर बायकांकडे सध्याच्या अडीचपट जागा लागतील.

"आणि ती जागा आणायची कुठून?" व्यवस्थापकांनी विचारलं.

आर्किटेक्टबाईंनी नकाशा उलगडला. त्यांची पेन्सिल बायकांच्या स्वच्छतागृहाच्या शेजारच्या खोलीवर जाऊन थांबली. ती व्यवस्थापकांची केबिन. सोफा, एसी, खिडकीत झाडं.

व्यवस्थापकांनी नकाशाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "म्हणजे तुमच्या गणिताप्रमाणे, दोघांनाही थांबायला लागणारा वेळ सारखा झाला पाहिजे."

"हो. समसमानराव," मी म्हणालो.

निघालंच शेवटी तोंडातून. ताईने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. पण ते हसायला लागले, गदगदून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "घरी सांगतो," म्हणाले. "हिला आवडेल हे नाव." आणि पेनचं टोपण काढलं. "केबिन वर हलवा. झाडं नीट उचला फक्त."

३० नोव्हेंबर, रविवार

इतके महिने या वहीला हात लावला नाही. भिंती, फरशा, नळ, कड्या, त्यावरची भांडणं, लिहिण्यासारखं काही नव्हतं. आज आहे.

नव्या नाट्यगृहातला पहिला दुपारचा प्रयोग. ताईचं नाटक. आईने सकाळी चहा घेतला. दुपारी जेवणानंतर पुन्हा घेतला. निघताना मुद्दाम माझ्यासमोर उभं राहून तांब्याभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "बघू तुझं गणित."

कंपनीच्या एकाही तक्त्याची अशी परीक्षा कोणी घेतली नव्हती.

मध्यंतर झालं. काकांनी आईच्या हातात गोल बिल्ला दिला आणि म्हणाले, "बाई, वाट बघतोय." मी डावीकडे चहाच्या टेबलाशी उभा राहिलो. पोस्टर्स वाचायचा प्रयत्न केला, एक अक्षर कळेना. पहिली घंटा. बाबा येऊन शेजारी उभे राहिले. दुसरी घंटा झाली आणि मागून आवाज आला, "मला पण एक चहा सांग. आणि बिस्किट."

ती उभ्या उभ्या चहा प्यायली, फुंकर घालून, निवांत. शेजारीच व्यवस्थापकांची बायको होती, तिच्याशी गप्पा मारल्या. मग दाराशी गेली, काकांच्या हातावर बिल्ला ठेवला, पर्स उघडून त्यावर तेव्हाचा आणखी एक ठेवला. निळा. "घ्या, मोजून घ्या," म्हणाली. तिसरी घंटा झाली तेव्हा ती पहिल्या रांगेत पदर नीट करत बसलेली होती.

दुसऱ्या अंकात ती आई आली. कढईशी भांडली, पंख्याला बोल लावले. मग न बसणारं झाकण हातात घेऊन म्हणाली, "तुला बसायचं नाही तर नको बसू, मीच उभी राहते!" आणि आमच्या आईने भर नाट्यगृहात, खणखणीत आवाजात म्हटलं, "अगंबाई, ही तर मी!"

सगळे प्रेक्षक तिच्याकडे वळून हसले. रंगमंचावरची नटी झाकण घेऊन तशीच थांबली. हसू आवरेना तिला. विंगेत अर्धी ताई दिसत होती. दोन्ही हात तोंडावर. आई सगळ्यांत मोठ्याने हसत होती. आपल्यामुळे अंक बिघडेल म्हणून दोन वर्षं घरी बसलेली बाई ती. आज तिनेच भर अंकात प्रयोग थांबवला होता, आणि टाळ्या काही थांबेनात.

नंतर आत जाऊन तिने ताईला काय सांगितलं ते मला माहीत नाही. दार बंद होतं. बाहेर आल्या तेव्हा दोघींचे डोळे सारखेच लाल होते आणि दोघी एकदमच बोलत होत्या.

आता घरी आलोय. मी हे लिहितोय आणि बाहेर आई मावशीला फोनवर नाटक सांगते आहे. पहिला अंक झाला, मध्यंतर झालं. सवयीने माझे कान तिथेच बंद व्हायला लागले. पण ती थांबली नाही. झाकणाचं सांगितलं, नकलेसकट. त्यानंतरचं सांगितलं. मी दारात जाऊन खुणेने विचारलं, मजा जाईल ना तिची?

आईने फोनवर हात ठेवला. "जाऊ दे," म्हणाली. "मी पाहिलाय शेवट. मी सांगणार."

मग तिने तो सांगितला, अगदी पडदा पडेपर्यंत. मावशीने विचारलं म्हणून पुन्हा एकदा सांगितला. आता शेजारच्या काकूंना फोन लावते आहे.